वाढीव कर्ज आणि चार सिस्टर

कुठलंही बांधकाम काढा, शेवटी दोनच गोष्टी उरतात. अंगणात वाळूचा ढीग आणि तोंडात किस्से. वाळू शेजारच्या मांजरांनी वापरून संपवली. किस्से आमच्याकडेच राहिले, आणि वाढत गेले. आता आम्ही रिटायर झालेल्या बायका कधी भरिताच्या निमित्तानं जमलो की एकीनं सुरुवात करायचा अवकाश, बाकीच्या तिला मध्येच तोडून आपलं दामटतात. म्हणून आज मी एकटीच सांगून टाकते. त्यांना काय भर घालायची ती घालू दे मागाहून.

आम्ही चौघी धुळ्याला सरकारी दवाखान्यात सिस्टर होतो. मी शालिनी, माहेर फैजपूरचं. दुसरी सुमन बैसाणे, जामनेरची. तिनं लग्न केलं नव्हतं, आणि कोणी कारण विचारलं तर "का, तुमचं फार सुखाचं चाललंय का?" असं उलट विचारायची. तिसरी मालती पाटील. तिचे मिस्टर नाना घरीच असायचे आणि तिथून सगळ्या जगाच्या चुका काढायचे. आणि सगळ्यांत थोरली सिंधूअक्का. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. तिनं आम्हाला इंजेक्शन द्यायला शिकवलं आणि भांडायलाही शिकवलं.

गावाबाहेर माळावर आमची घरं एका ओळीत होती. लोक त्याला सिस्टरांची लाइन म्हणायचे. दोन-दोन खोल्या, आपापल्या नावावर, फायनान्सच्या कर्जातून घेतलेल्या, म्हणजे फायनान्सकडे गहाण. संडास ओळीच्या टोकाला, सगळ्यांत मिळून.

नव्वद सालच्या आसपास फायनान्सनं नवीन टूम काढली. ज्यांचे हप्ते वेळेवर, त्यांनी घराचं गहाणखत नव्यानं करून द्यायचं आणि त्यावर वाढीव कर्ज घ्यायचं, घरात सुधारणा करायला. अर्धे पैसे आधी, अर्धे काम बघून. आम्ही घ्यायचं ठरवलं तेव्हा सगळ्या गावाला आमची काळजी लागली. नाना तर म्हणाले, "फिटत आलेलं गहाण शहाणं माणूस पुन्हा वाढवतं का?"

मालती म्हणाली, "शहाण्या माणसाला पहाटे डबा घेऊन लायनीत उभं राहावं लागत नसेल."

* * *

आम्हा तिघींना संडास, ओटा, व्हरांडा असल्या गोष्टी हव्या होत्या. अक्काचं वेगळं होतं. तिची सासू गावी धाकट्या मुलाकडे असायची. हा अक्काचा दीर, त्याला सगळे आबा म्हणत. म्हातारी पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि आमच्याच वॉर्डात येऊन राहिली. सुमननं तिचं सगळं केलं. पण सुट्टी मिळाल्यावर आबा तिला परत घेऊन गेले, आणि तिथं ती ओसरीवर पडून असायची. संडास परसात, पार गोठ्यापलीकडे. कोणी नेईल तेव्हा जायचं. नाही नेलं तर काय, म्हणून म्हातारीनं पाणी पिणंच सोडलं. अक्का एकदा जाऊन बघून आली.

मग पुन्हा जाऊन ती आबांना म्हणाली, "मी नेते मायला माझ्याकडे."

आबा हसले. "दोन खोल्यांत कुठे ठेवशील? पक्की खोली बांध, आत संडास कर, मग बोल."

त्यांना वाटलं, बाई गप्प बसेल. अक्का तिथून निघाली ती थेट फायनान्सच्या ऑफिसात गेली.

* * *

कर्जाला दोन-दोन जामीन लागायचे. आम्ही चौघी एकमेकींना जामीन राहिलो. फायनान्सच्या क्लार्कनं चारही नावं वाचली आणि चष्मा काढला.

"बाई, हे असं कसं? सगळ्या एकमेकींनाच? घरातलं कोणी पुरुषमाणूस नाही का?"

"आहे की," मालती म्हणाली, "पण त्याला पगार नाही."

"आणि एक बुडाली तर?"

सुमन म्हणाली, "मग चौघी बुडू. तुम्हालाच बरं, वसुलीला एका गल्लीत यायचं."

त्यानं चष्मा घातला आणि शिक्का मारला. आता सुमन म्हणते हे वाक्य तिचं नव्हतंच, अक्काचं होतं. अक्का म्हणते शालिनीचं होतं. पण मी तेव्हा घाबरून खुर्चीच्या पाठीला धरून उभी होते, मला काही सुचणं शक्यच नव्हतं.

* * *

पैसे हातात आल्यावर कळलं की ते विटा, सिमेंट, वाळू आणि पत्र्यातच संपतायत. मिस्त्रीच्या मजुरीला काही उरेना. आमचे हे म्हणाले, "राहू दे मग, पुढच्या वर्षी बघू."

सुमन म्हणाली, "माणूस उघडतात, परत शिवतात, तेव्हा आपण शेजारी उभ्या असतो. विटेवर वीट ठेवायला काय लागतं?"

काय लागतं ते आम्हाला लवकरच कळलं. पण तोवर तोंडातून शब्द गेला होता, आणि नाना ओट्यावर खुर्ची टाकून बघत बसले होते. त्यांच्यासमोर माघार घ्यायची नाही, एवढ्यावर आमच्या अर्ध्या भिंती उभ्या राहिल्या.

मिस्त्री लोक लेव्हल बघायला पाण्याची पारदर्शक नळी वापरतात. दोन्ही टोकांना पाणी एका उंचीवर राहतं, त्यावरून भिंत सरळ की तिरकी ते कळतं. आमच्याकडे ती नळी नव्हती. सलाइनच्या फेकून द्यायच्या नळ्या मात्र पुष्कळ. सुमननं चार जोडून एक लांबलचक केली, उकळून घेतली, आणि त्यात पाणी भरून आम्ही अक्काच्या खोलीच्या चारी कोपऱ्यांत फिरलो. उकळायची काय गरज होती ते आजपर्यंत कोणाला सांगता आलेलं नाही. सवय, दुसरं काय. पण एक गोष्ट आम्ही छातीठोक सांगतो. नळीत एक बुडबुडा राहू दिला नाही. मिस्त्रीच्या नळीत बुडबुडा राहिला तर भिंत तिरकी होते. आमच्या नळीत राहिला तर मेट्रनच्या तोंडाचा पट्टा चालायचा.

नाना म्हणाले, "आता भिंतीलाही सलाइन?"

मालती म्हणाली, "तिच्यानंतर तुमचा नंबर."

* * *

मालतीला उभ्यानं स्वयंपाक करायचा होता. आयुष्यभर चुलीपुढे आणि मग स्टोव्हपुढे बसून तिचे गुडघे गेले होते. नानांचा विरोध. उभ्यानं केलेल्या अन्नाला चव नसते म्हणे. मालतीनं ओटा बांधायला घेतला, आणि उंचीला मोजपट्टी लावलीच नाही. इतकी वर्षं ती ज्या टेबलाशी उभी राहून ड्रेसिंग करायची, तीच उंची हाताला माहीत. डोळे मिटून सांगेल. ओटा झाला बरोबर तेवढाच.

मालती चांगली उंच. नाना तिच्या खांद्याला. ते ओट्यापाशी जाऊन उभे राहिले तर कडप्पा त्यांच्या छातीला लागला.

"हा ओटा उंच झालाय," ते म्हणाले.

"तुम्ही कधी स्वयंपाक करता?"

नाना जाताना म्हणाले, "चहा तरी करायचा विचार होता."

दुसऱ्या दिवशी मालतीनं ओट्याजवळ पाटाएवढा कट्टा बांधून दिला. उरलेल्या विटांत. त्यावर उभं राहून नाना पुढे पंधरा वर्षं चहा करत होते. चांगला करायचे, खोटं कशाला बोलू.

* * *

आता माझंच. माझ्या व्हरांड्याच्या खांबाला भेग गेली. वरचा पत्रा चढवताना आमच्या ह्यांनी शिडी टेकवली होती, पण ते जाऊ दे. मी प्लास्टर चढवत होते आणि ते खाली गळून पडत होतं. तीनदा चढवलं, तीनदा पडलं. चौथ्यांदा माझं डोकं फिरलं. मी कपाटातून बँडेजची गुंडाळी काढली, सिमेंटच्या लगद्यात बुडवली आणि खांबाला खालून वर गुंडाळत गेले, मोडलेल्या पायाला गुंडाळतात तसं. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा. वरून हात फिरवून गुळगुळीत.

सुकलं तेव्हा लक्षात आलं काय झालंय ते. हुबेहूब प्लास्टरमधला पाय. पोटरी, घोटा, सगळं. खाली पायरीपाशी मी दोन वेढे जास्त दिले होते, तिथं टाच पण दिसायची.

येणारा-जाणारा विचारायचा, "सिस्टर, प्लास्टर कधी काढायचं?" रिक्षावाले पत्ता सांगायचे, "पाय मोडलेल्या खांबाशी उतरा." आमचे हे म्हणाले, फोडून नीट करू. मी म्हटलं, हात लावून बघा. त्या खांबाला आजतागायत भेग गेलेली नाही. मिस्त्रींनी बांधलेल्या पुढच्या गल्लीतल्या तीन घरांच्या खांबांना गेली. हे मी दर वेळी सांगते आणि दर वेळी सांगणार.

* * *

बांधलेल्या भिंतीला पाणी मारावं लागतं, नाहीतर ती भुसभुशीत राहते. आणि धुळ्यात उन्हाळ्यात पाणी म्हणजे नळाची वाट बघत बसणं. आंघोळीचं, कपड्याचं, भाजी धुतलेलं, सगळं पाणी आम्ही अक्काच्या भिंतींना घातलं. गोणपाट ओलं करून पांघरलं. एकीची ड्यूटी संपली की दुसरी यायची, आणि पहिली तिला वॉर्डासारखा चार्ज द्यायची.

"पूर्वेची भिंत ठीक आहे. पश्चिमेचीला दुपारी ऊन लागतं, तिच्याकडे लक्ष ठेव. खिडकीखालची जरा नाजूक आहे."

एकदा चौघींची ड्यूटी एकदम आली म्हणून नानांवर सोपवून गेलो. परत आलो तर भिंती कोरड्या आणि नाना घोरतायत. अक्कानं त्यांना उठवलं आणि वॉर्डातल्या नव्या पोरींशी बोलायची त्या आवाजात विचारलं, "पेशंट गेला असता तर घरच्यांना कोण सांगणार होतं?"

नाना पटकन उठून बादली घेऊन धावले. चप्पल उलटी घातली होती.

मध्येच एक दिवस आबा आले, बघायला. आत आले नाहीत. बाहेरून काठीनं भिंत ठोकून बघितली आणि म्हणाले, "बायकांनी बांधेल शे. पहिला पानीमा पडी."

अक्का म्हणाली, "पडली तर पुन्हा बांधू, आबा. हात गहाण नाही टाकले."

* * *

मे महिन्यात फायनान्सचा साहेब काम बघायला आला. उरलेले अर्धे पैसे ह्याच्या शेऱ्यावर. ते मिळाले तरच अक्काचा संडास, फरशी आणि दार. नाही मिळाले तर चार भिंती, वर पत्रे, आणि म्हातारी तिकडे ओसरीवर.

साहेब भर दुपारी, डोक्याला काही न बांधता आला. तोंड वाकडं करून खोली फिरला. मिस्त्रीचं बिल नाही, म्हणून बोलला. बायकांनी काम केलं, म्हणून बोलला. शेवटी म्हणाला, "ही खोली राहण्यायोग्य आहे असं मला लिहिता येणार नाही." आणि एवढं बोलून तो भिंतीला धरून खाली बसला.

ऊन लागलं होतं. चौघी सिस्टर हजर, आणखी काय हवं? सुमननं खाट टाकली, मालतीनं शर्टाची बटणं सोडली, मी ओले टॉवेल आणले, कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना बोलावून आणलं. त्यांनी सलाइन लावायला सांगितलं. बाटली वरच्या पाइपाच्या हुकाला टांगली. हूक आम्हीच बसवला होता, पुढेमागे पाळणा-बिळणा टांगायला. साहेब संध्याकाळपर्यंत झोपला. उठला, लिंबूपाणी प्यायला, इकडेतिकडे बघायला लागला.

अक्का हात पुसत म्हणाली, "साहेब, राहिलात की."

त्यानं तिथंच बसून शेरा लिहिला. पेन त्याचं चालेना, सुमननं आपलं दिलं.

* * *

आता शेवटचं.

खोली झाली. आत संडास, बसायला सिमेंटचं उंच केलेलं, दोन्ही बाजूंना धरायला पाइप. म्हातारीला आणायचं होतं. रुग्णवाहिका असल्या कामाला कोण देणार? माझा भाऊ फैजपूरहून केळीचा ट्रक घेऊन धुळ्यावरून परत जायचा. त्याला म्हटलं, जाताना वाट वाकडी कर. केळी उतरवल्यावर ट्रकमध्ये पाला असतोच, मऊ, गुडघाभर. त्यावर गादी टाकून म्हातारीला झोपवून आणली. आबा तेव्हा बाजाराला गेले होते. चोरून नाही आणली. दिवसाढवळ्या, गल्लीतल्या सगळ्यांना सांगून आणली. जावेनं स्वतः हात लावून उचलायला मदत केली. तिचंही ओझं उतरलं असेल, पण ती रडली पण.

म्हातारी पोटभर पाणी प्यायला लागली. महिन्याभरात पाइप धरून उभी राहिली.

मग श्रावण आला, आणि कानबाई आली. आमच्याकडे कानबाई म्हणजे सगळी भाऊबंदकी एका घरात जमते. नारळाची देवी मांडतात, आणि रोट करतात. आबा दोन चुलतभाऊ घेऊन अक्काच्या दारात आले. "मायला न्यायला आलोय. घरातलं मोठं माणूस नाही तर कानबाई कशी बसवायची?" बोलणं बरोबर होतं. पण एकदा गावी गेलेली म्हातारी परत येणार नाही, हे त्यांनाही माहीत होतं आणि आम्हालाही. अक्का दारात उभी होती. भाऊबंदांसमोर ती काय बोलणार? तिनं माझा हात असा दाबला की बांगडी रुतली.

म्हातारी आतून म्हणाली, "मी कोठेच नही जास. नारळ आठे आन. कानबाई आठे बसी."

कानबाई इथेच बसवायची म्हटल्यावर आबा म्हणाले, "गहाण घरमा?"

"तुना बापनी वावर गहाण ठेई सन तुनं लगीन करं. तवय कानबाई उनी ना?"

वावर गहाण असताना कानबाई आली होती, हे चुलतभावांनाही आठवलं आणि ते हसले. आबांना ते लागलं. त्यांची नजर सुमनकडे गेली. ती कोपऱ्यात रंगाचा ब्रश धुवत होती. आबा आवाज खाली करून म्हणाले, "माय, हाई भित कोनी बांधी, माहीत शे ना तुले?" रोख सुमनच्या जातीवर होता, ते सगळ्यांना कळलं. सुमनलाही कळलं. ती ब्रश धुतच राहिली.

म्हातारी खणखणीत म्हणाली, "माहीत शे. तिन्हाच हातनं पानी पेस मी. तुले काय व्हयनं?"

नारळ आला. सगळी भाऊबंदकी आली, सिस्टरांच्या लाइनीत मावेना, माझ्या खांबाला टेकून माणसं बसली. रोटासाठी गहू मोजायचे होते. ते असे मोजतात: घराण्यातल्या प्रत्येक पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावाची मूठ परातीत टाकायची. पाळण्यातल्या पोराचीसुद्धा मूठ असते. बाईची नसते. अक्काचा नवरा गेला तेव्हापासून तिच्या घरची मूठच नव्हती. ती दर वर्षी जायची, रोट लाटायची आणि परत यायची.

म्हातारीनं खाटेवर बसून मुठी टाकल्या. थोरल्या चुलतदिरापासून सुरुवात. आबांचं नाव, मग त्यांची पोरं, मग पुतणे, नातू. नाव एक चुकलं नाही. सगळी नावं संपली. बायका परात उचलायला वाकल्या.

म्हातारीनं पुन्हा पोत्यात हात घातला.

"हाई सिंधूनी," म्हणाली, आणि मूठ परातीत सोडली.

आबा पुढे आले. "माय, बायकास्नी मूठ ऱ्हास नही."

म्हातारीनं त्यांच्याकडे बघितलं. परातीत हात घातला, मूठभर गहू उचलले आणि तसेच धरून ठेवले.

"मंग तुनी काढी टाकू का?"

आबांनी तिची मूठ धरून गहू परत परातीत सोडवले. मग त्यांनी वाकून परात उचलली, डोक्यावर घेतली आणि गिरणीकडे निघाले.